तराजूची विश्रांती

चिमट्याने तिने सर्वांत लहान वजन उचलले, श्वास रोखून पारड्यावर ठेवले आणि काचेचे दार सरकवले. नखाएवढा तो पत्रा, फुंकर मारली तरी उडून जाईल असा. पडद्यावरचे आकडे पळाले, थबकले आणि एकेक करून जागेवर बसले. शेवटचा मात्र बसेना. वर गेला, खाली आला, पुन्हा वर निघाला. तेवढ्यात छातीतून ती ओळखीची धग उठली. गळा, कान, कपाळ. हातमोज्यांत बोटे ओली झाली. तिला कळायच्या आधीच तराजूला कळले होते.

या खोलीत प्रमाण वजने तपासली जात. ती पुढे औषधांच्या कारखान्यांत आणि सोनारांकडे जात, आणि तिथले तराजू त्यांच्यावर पारखले जात. इथे केसाएवढी चूक झाली तर ती किती ठिकाणी पोचेल याला गणती नव्हती. म्हणून खोलीला खिडकी नव्हती, पंखा नव्हता, तापमान बारा महिने तेच. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा आतली हवा हलवते, आणि हवा हलली की शेवटचा आकडा हलतो. ती या कामात इतकी काटेकोर की सगळे तिला 'मिलीग्राम' म्हणत. पुढे त्याचे नुसते 'मिली' झाले. ही वजनकाट्याकडे नुसती बघते आणि भाजीवाला आपण होऊन एक टोमॅटो जास्त टाकतो, असे तिचा नवरा सगळ्यांना सांगत असे.

तिने हातमोजे काढले, खोलीचे दार लावले आणि पॅसेजच्या टोकाच्या खिडकीत जाऊन उंच स्टुलावर टेकली. हा इथला नियमच होता. एक वजन झाले की खोलीत कोणी थांबायचे नाही. खिडकी उघडून इथे बसायचे आणि तराजूला विश्रांती द्यायची. नियम मोठ्या बाईंचा. मिलीला चिमटा धरायला त्यांनीच शिकवले होते. त्या निवृत्त होऊन जमाना झाला, पण नियम तसाच चालू राहिला होता, थंडीवाऱ्यातसुद्धा.

"झोपलं का तुझं बाळ?" शेजारच्या खोलीतून टेपवालीने विचारले. ती मोजपट्ट्या आणि टेपा तपासायची आणि रोज हाच विनोद करायची. "फार दम लागतो बाई तुमच्या तराजूला. आमच्या पट्ट्या बिचाऱ्या दिवसभर पडून असतात, काही मागत नाहीत."

मिली हसली. मान तिने मुद्दाम खिडकीबाहेर काढली होती, म्हणजे लालबुंद चेहरा दिसू नये.

नव्या साहेबांना मात्र आकडा हलतो हे दिसले होते. त्यांनी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकने तराजू उघडला, पुसला, बंद केला, चहा प्यायला आणि काही दोष नाही म्हणून सांगून गेला. साहेबांनी दुसरा बोलावला. त्यानेही चहा प्यायला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे मिलीच्या अगदी ओठांवर आले होते, पण ती गप्प राहिली. गप्प राहिल्याची तिला लाज वाटत होती. आयुष्यभर जिने आकडा आहे तसा सांगितला, ती आता एका मुक्या यंत्रावर आळ येऊ देत होती.

डॉक्टरकडे ती गेली ती नवऱ्याने ढकलली म्हणून. नवरा बस चालवायचा आणि पहाटे निघायचा. रात्रभर बायको पांघरूण फेकते, पुन्हा ओढते, पुन्हा फेकते, हे त्याने बरेच दिवस सोसले. मग एका सकाळी डबा घेता घेता तो म्हणाला की इंजिन इतकं तापलं की आम्ही गाडी बाजूला घेतो, तू चालवतच काय राहतेस? तिला राग आला, आणि मग जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला.

डॉक्टरबाई तिच्यापेक्षा लहान होत्या आणि घाईत नव्हत्या. पाळी जाताना शरीरात जे कमी पडते ते थोडे बाहेरून देता येते, त्यांनी सांगितले. आधी तपासण्या, मग गोळ्या. गोळ्यांनी धग कमी झाली खरी, पण मळमळ सुरू झाली आणि डोके असे ठणकू लागले की पडद्यावरचे आकडेच तिला दोन दोन दिसायला लागले. छाती इतकी दुखायची की बसच्या गर्दीत ती दोन्ही हातांची घडी घालून उभी राहायची. डॉक्टरबाईंनी गोळ्या थांबवून पोटावर चिकटवायची औषधाची पट्टी दिली. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात झाले. पट्टीखाली कातडी खाजायची, चौकोनी लाल चट्टे उठायचे, आणि घामाने ती पट्टी कुठेही निघून पडायची. एका दिवशी सापडेचना. चादर झटकली, टॉवेल झटकला. संध्याकाळी नवऱ्याने शर्ट काढला तेव्हा ती त्याच्या पाठीवर बनियनच्या वर नीट चिकटलेली होती.

"तरीच," तो गंभीरपणे म्हणाला, "आज कुणीच माझ्याशी भांडलं नाही."

मिली हसत सुटली. हसता हसता रडायला लागली, आणि ते थांबेचना. त्याने तिला थांबवलेही नाही. बनियनवरच शर्ट चढवून तो तिच्याजवळ बसून राहिला. तेव्हा तिने मनातले बोलून दाखवले. साहेब म्हणालेत, आकडा असाच हलत राहिला तर ही खोली बंद करू, वजने दुसरीकडे यंत्रावर पाठवू, आणि तुम्ही पुढच्या काउंटरवर बसा. काउंटरवर माल उतरवून घ्यायचा आणि पावत्या द्यायच्या. काम वाईट नव्हते, पण ते तिचे नव्हते. ती खोली, ते पारडे, आकडा स्थिर होतो तेव्हाची ती शांतता, यातले काहीच तिला सोडायचे नव्हते.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी दंडावर चोळायची जेल दिली आणि झोपताना घ्यायची एक कॅप्सूल. जेलची बाटली दाबायची; एकदा दाबून बघा, पुरेसं वाटलं नाही तर पुढच्या महिन्यात दोनदा करू, असे त्या म्हणाल्या. मिलीला ते सहन होईना.

"दाबून किती येतं ते दर वेळी सारखंच येतं कशावरून?"

"साधारण सारखंच येतं."

"आणि पुरतंय की नाही ते कशावर ठरवायचं?"

"तुम्हाला कसं वाटतं त्यावर."

"कसं वाटतं हे काय माप झालं?"

"इथे तेच माप," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याइतकं अचूक ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही."

घरी येऊन तिने दंडावर जेल चोळली आणि ती वाळेपर्यंत पंख्याखाली हात पसरून उभी राहिली. कॅप्सूलने सुरुवातीला सकाळी डोके जड व्हायचे. ती झोपायच्या बरीच आधी घ्यायला लागली तसे तेही कमी झाले. मध्ये एकदा रक्ताचा डाग दिसला, ती घाबरली. डॉक्टरबाईंनी तपासले आणि सुरुवातीला असे होते म्हणून धीर दिला. पुढच्या महिन्यात बाटली एकदाऐवजी दोनदा दाबायचे ठरले. तिने फार आशा धरली नाही. दोनदा तोंड पोळलेली माणसे ताकही फुंकून पितात.

त्याच सुमारास साहेबांनी नियमाचा विषय काढला. एकेका वजनामागे तुम्ही बाहेर जाऊन बसता, हे कुठल्या पुस्तकात आहे? मिलीने पुस्तके पाहिली. वजने आणि तराजू एका तापमानाला येऊ द्यावेत, एवढे होते. खिडकीचे नाव कुठेच नव्हते. साहेब म्हणाले, सोमवारी मी समोर बसतो. बाहेर न जाता तुम्ही सगळी वजने करून दाखवा. आकडा स्थिर राहिला तर नियम बंद, नाही राहिला तर खोली बंद.

रविवारी ती मोठ्या बाईंकडे गेली. बाई आता मुलाकडे राहत होत्या, कंबरेत वाकलेल्या, पण आवाज तोच. बाल्कनीत बसून त्या नातवाच्या शर्टाची बटणे शिवत होत्या, आणि चष्मा नसतानाही सुईत दोरा एका फटक्यात जात होता. मिलीने नियमाचे कारण विचारले. तराजूला विश्रांती नेमकी कशासाठी, साहेबांना काय सांगू?

बाईंनी दोरा दातांनी तोडला.

"तराजूला कसली विश्रांती? मला उकडायचं गं."

मिलीने खुर्ची पुढे ओढली.

"एकदम भडका उडायचा. वाटायचं आता चक्कर येऊन त्या काचेवरच पडते. मग मी आपली खिडकीत पळायचे. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, सारखं बाहेर काय असतं? म्हटलं, तराजूला विश्रांती द्यावी लागते. लगेच पटलं त्यांना. स्टूलसुद्धा त्यांनीच पाठवलं."

"पण मी असायचे की तुमच्याबरोबर. मला का नाही सांगितलंत?"

"तुला तेव्हा काय कळलं असतं? आणि आमच्यात कोण बोलायचं? डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, वय झालं. घरी सांगायची सोय नव्हती." बाईंनी पुढचे बटण उचलले. "आकडा मात्र कधी चुकू दिला नाही मी. थंड झाल्याशिवाय आत गेलेच नाही."

मिलीला हसू आले. कडाक्याच्या थंडीत ती स्वेटर गुंडाळून बाईंशेजारी कुडकुडत उभी राहायची आणि आपण शास्त्र शिकतो आहोत असे समजायची. शेजारी एक बाई एकटीच जळत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. निघताना तिने वाकून नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "काही घेतेस का त्यावर?" मिलीने हो म्हणून मान हलवली. "घे," बाई म्हणाल्या. "आम्हाला नाही मिळालं."

सोमवारी साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. मिलीने मोठ्या वजनापासून सुरुवात केली. एक, मग दुसरे, बाहेर न जाता. दंडावर सकाळची जेल होती, अंग गार होते, बोटे कोरडी. शेवटचा पत्रा पारड्यावर ठेवून तिने दार सरकवले. आकडे पळाले, थबकले, एकेक करून बसले. शेवटचाही बसला. ती बघत राहिली. तो हलला नाही. किती महिन्यांनी ती शांतता परत आली होती. तिचे डोळे भरून आले.

साहेब उठून उभे राहिले. तराजू उत्तम आहे, ते म्हणाले, खोली राहील. आणि त्या बाहेर बसण्याची गरज नाही हेही सिद्ध झाले. तिने नुसते बरं म्हटले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मेकॅनिकांचे चहा विसरले गेले असते, खोली तिची राहिली असती. तिने हातमोजे काढून नीट घडी करून ठेवले.

"साहेब, तराजू कधीच बिघडला नव्हता. मी बिघडले होते. पाळी जाण्याचं वय आहे, अंगात एकदम आग उठते, आणि ती आकड्यात दिसते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

साहेब जमिनीकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले.

"आता?"

"आता औषध लागू पडलंय. पण ते सापडायला वेळ लागला, आणि तोवर जी वजनं बरोबर गेली ती त्या खिडकीमुळे. नियम राहू द्या."

त्यांना खरोखरच मदत करायची होती, हे तिला दिसत होते.

"वरच्यांनी विचारलं तर... तराजूला विश्रांती लागते, असंच सांगू का?"

"नाही," मिली म्हणाली. "माणसाला लागते, असं सांगा."

जाताना साहेबांनी आपली खुर्ची उचलून नेली, आणि पॅसेजमधल्या स्टुलाला हात लावला नाही.

दुपारी एक वजन झाल्यावर मिलीने दार लावले आणि सवयीने खिडकीत आली. खिडकी उघडल्याबरोबर बोचरा वारा आत आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला इथे थंडी वाजली. ती खिडकी लावायला वळली तेवढ्यात शेजारचे दार उघडले आणि टेपवाली बाहेर आली. तिने विनोद केला नाही. मानेवरचे केस ओले होते, गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली होती, आणि हातातल्या फाइलने ती वारा घेत होती. मिलीकडे न बघता ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

"आमच्या पट्ट्यांनाही म्हटलं जरा विश्रांती," ती म्हणाली.

मिलीने स्टूल तिच्याकडे सरकवले. मग अंगावरचा स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेतला आणि खिडकीचे दुसरे दारही उघडले.