सूर कोण धरणार?

मित्रांनो, मी एक जुनी सनई आहे, पण माझ्यातून गाणे निघत नाही. मला सगळे 'सूर' म्हणतात. सनई नेहमी जोडीने वाजते. एक जण गाणे वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून एकच स्वर शेवटपर्यंत धरून ठेवतो. तो एक स्वर म्हणजे मी. ज्या कातार्‍याने मला शिसवीच्या लाकडातून कातले, त्याने मलाही दुसऱ्या सनईसारखीच भोके पाडली होती. मालोजी गुरवांनी मला घरी आणले आणि ती भोके मेणाने बुजवून मला एका स्वरावर बसवले. मला त्याचे वाईट वाटले नाही. मी थांबले की गाणे उघडे पडते, हे मला लवकरच कळले.

आमचे गाव कासारवाडी स्टेशनापासून चालत जाण्याइतके जवळ. भैरवनाथाच्या देवळाच्या दारावर लहानसा नगारखाना होता. तिथे रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला आम्ही वाजत असू. मालोजी सनई वाजवीत, त्यांचा मुलगा ज्योतीराम मला धरी आणि म्हातारा कोंडाजी नगारा वाजवी. कोंडाजीला ऐकू येत नसे. तो मालोजींच्या गालांकडे बघून ठेका धरी.

मला वाजवताना श्वास तुटून चालत नाही. गालात साठवलेली हवा तोंडाने सोडायची आणि त्याच वेळी नाकाने नवी आत घ्यायची, असे ते काम आहे. ज्योतीराम ते लहानपणी आईजवळ शिकला. त्याची आई रंभा पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या वाटीत बुडवी आणि त्याला फुंकायला लावी. बुडबुडे थांबले की हरला. पोराला शिकवताना तीही शिकली. पुढे मालोजी शेतावर गेले की मायलेक परसात बसत. आई मला धरी आणि ज्योतीराम बापाची सनई काढून वाजवी. मालोजींना हे ठाऊक नव्हते.

मग शेतच गेले. सन पंचावन्नच्या सुमारास आमच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, त्यात मालोजींचीही गेली. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एका माणसाला कारखान्यात काम मिळणार होते. मालोजींनी ज्योतीरामचे नाव ठरवून टाकले. पहाटे सूर धरायचा, दिवसा कारखाना, संध्याकाळी पुन्हा सूर.

त्याच वर्षी तळेगावला एका लग्नात आम्ही गेलो. मालोजींच्या बोटाला नखुर्डे झाले होते. बोट सुजल्यामुळे त्यांना सनईची भोके दाबता येईनात. म्हणून त्यांनी मला घेतले आणि सनई मुलाकडे दिली.

"दोन-तीन चाली वाजव. जास्त शानपना करू नको," ते म्हणाले.

ज्योतीराम वाजवू लागला. मित्रांनो, मी तेव्हा मालोजींच्या ओठांत होते. मुलगा अशा जागा घेऊ लागला ज्या बापाने त्याला कधीच शिकवल्या नव्हत्या. मालोजींचा श्वास क्षणभर अडला आणि माझा स्वर हलला. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदा झाले.

जेवणाच्या पंगतीनंतर एक गृहस्थ जवळ आले. त्यांचे नाव रंगराव. ते पुण्याच्या एका संगीत विद्यालयात वादन शिकवत. ते म्हणाले, "गुरव, मुलाला माझ्याकडे पाठवा. चार वर्षे तिथेच राहील. पहाटेपासून रियाज असतो, त्यामुळे घरून ये-जा करून जमणार नाही. पण याचा हात वाया घालवू नका."

मालोजींनी दोन्ही सनया फडक्यात बांधल्या आणि ते गावाकडे निघाले. ही गोष्ट मात्र आमच्या आधी गावात पोहोचली. सोपानराव पाटील पारावर बसून ओरडले, "काय मालोजी, सनईची बी शाळा निघाली म्हनं! उद्या नांगर धरायची काढत्याल. मग आमीबी पाटी घिऊन जातो!"

लोक हसले. मालोजीही हसले, पण घरी येऊन त्यांनी जेवणाचे ताट सरकवले.

"त्यो जानार न्हाई," ते म्हणाले. "कारखान्याचं काम हातचं जाईल ते जाईल. पन देवाची सेवा हाय. सूर कोन धरनार?"

रंभा चुलीपुढे बसली होती. तिने मागे न बघता सांगितले, "मी धरीन."

"तू? बाईमानसानं सनईला त्वांड लावायचं? लोक काय म्हनतील?"

"लोकांस्नी वर कोन बघाया येतंय? खालनं नुसता आवाज जातो. आन् कोंडाजीमामांनी सांगितलं तर सांगू द्या."

ज्योतीराम म्हणाला, "आये, तुला दम लागंल."

"मला? दोन हंडं घिऊन वढ्यावरनं चढून येते, तवा न्हाई लागत. तू लहान हुतास तवा बुडबुडं कुनाचं थांबायचं रं?"

 शेवटी मालोजींनी तिला विचारले, "एवढं कशापायी करतीस?"

"पोरगं कवापास्नं एकच सूर फुकतंय. त्याच्या पोटात काय काय हाय ते मी ऐकलंय. तुमीबी परवा ऐकलंसा. आता न ऐकल्यावानी करू नका."

ज्योतीराम पुण्याला गेला. कारखान्यातले काम भावकीतल्या दुसऱ्या मुलाला मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे रंभा डोक्यावर घोंगडे घेऊन नगारखान्याचा जिना चढली. कोंडाजीने तिला पाहिले आणि मग नगाऱ्याकडे पाहिले. "मला काय इचारू नका," तो म्हणाला. "मी बहिरा. बाई हाय का बाप्या, मला काय दिसत न्हाई."

रंभा हसली. मग तिने मला ओठांना लावले. तिचा श्वास ज्योतीरामसारखा जोरकस नव्हता, पण सरळ होता. माझ्या आयुष्यात मी इतकी स्थिर कधी वाजले नाही. खाली देवळात येणारे म्हणत, "मालोजींनी सूर धरणारा बरा मिळवलाय." माझे ते कौतुक खरे तर रंभेचे होते. तिला ते कुणी तोंडावर सांगितले नाही.

ज्योतीराम सुट्टीत घरी आला की तिला नवे काही वाजवून दाखवी. ती मला धरून ऐके. तेव्हा तिच्या श्वासात मला आनंद कळे.

दुसऱ्या हिवाळ्यात तो श्वास बदलला. जिना चढून आली की ती आधी भिंतीला टेकून बसे. नाकाने हवा घेताना आत काहीतरी अडे. ती गालातल्या हवेवर स्वर सांभाळून घेई, म्हणून मालोजींना कळले नाही. कोंडाजीला ऐकू येत नव्हते. ज्योतीराम पुण्यात होता. जिला सगळे कळत होते ती मी, आणि मला एकच स्वर येत होता. तिचा श्वास संपत आला आहे, हे मी तिच्याच श्वासाने कसे सांगणार?

एकदा अंबूबाई शेजारीण तिला म्हणाली, "रंभे, तोंड किती उतरलंय तुजं! दवाखान्यात जा की."

"पोराची चार वर्सं होऊ दे. मग झोपनारच हाय," रंभा म्हणाली.

पौषातल्या एका पहाटे मी मध्येच थांबले. मालोजींना वाटले, ती माझ्या तोंडाची पत्ती ओली करते आहे. ते पुढे वाजवत राहिले. मी जमिनीवर पडले तेव्हा त्यांनी मान वळवली. रंभा भिंतीला टेकून तशीच बसली होती आणि तोंडाने हवा शोधत होती.

तिला खाटेवर घालून चिंचवडला नेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितले, की हिचे हृदय जुनेच अधू आहे. फुंकण्याचे काम हिच्याकडून करवून घेतले कुणी, असेही त्यांनी विचारले.  ज्योतीराम पोहोचला तेव्हा ती शुद्धीवर होती. त्याने तिचा हात धरला. दुपार कलताना ती गेली.

तेराव्याच्या संध्याकाळी ज्योतीराम म्हणाला, "आबा, मी आता जात न्हाई. कारखान्यात नव्या मानसांस्नी घेत्यात. सकाळी सूर मीच धरीन."

 ज्योतीरामने आपली वळकटी सोडून ठेवली.

सकाळी तो उठला तेव्हा बाप घरात नव्हता. मालोजी एकटेच नगारखान्यात आले होते. कोंडाजी नगाऱ्यापाशी बसला होता. मी खुंटीवर होते. मालोजींनी माझ्याकडे पाहिले, मग सनई तोंडाला लावली आणि सुराशिवाय वाजवायला लागले.

मित्रांनो, ते ऐकवत नव्हते. आधार नसल्यामुळे गाणे एकदा वर जाई, एकदा खाली घसरे. त्यांनाही ते कळत होते. तरी ते थांबले नाहीत. खालून सोपानराव पाटलांनी हाक मारली, "मालोजी, आरं सूर कुठाय?"

मालोजींनी खिडकीतून तोंड बाहेर काढले. "सूर गेला, पाटील. रंभा धरत हुती. आजपास्नं मी एकटाच वाजवनार. पोरगं शिकतंय."

पाटलांनी डोक्यावरचे पागोटे काढले आणि ते तिथेच उभे राहिले. ज्योतीराम जिना चढून वर आला आणि मला खुंटीवरून काढू लागला. मालोजींनी त्याचा हात धरला.

"ठेव ती. तू सूर धरलास तर तिनं कशापायी धरला? जा, गाडी चुकंल."

तो खूप रडला. मग गेला. चार वर्षे पुरी करून, पुढे तो मोठमोठ्या ठिकाणी वाजवू लागला, असे मी ऐकले. मालोजी हात चालत होते तोवर एकटेच वाजवीत राहिले. नवीन माणसे त्यांच्या बेसूर सनईला हसत. त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या ओठाला लावू दिले नाही.

आता माझी पत्ती वाळून चिरली आहे आणि टोकाचा पितळेचा पेला हिरवा पडला आहे. मला पुसा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे रोज तेच एक काम करते आणि ते थांबले तरच तुम्हाला त्याची आठवण येते. त्या माणसाला 'दमलीस का' असे विचारू नका. ते नाहीच म्हणेल. जवळ जाऊन बसा आणि त्याच्या हातातले काम काढून घ्या.