मिठाचा खडा

बायजीनं पाट्यावरची वाटलेली भुईआवळी बोटानं गोळा केली आणि सुदामला हाक मारली.

"उजेडात ये. डोळे बघू दे."

सुदाम भिंतीला धरत दाराशी आला. बायजीनं त्याची पापणी खाली ओढली. डोळा पांढरा स्वच्छ होता. सहा महिन्यांपूर्वी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत हेच डोळे पिवळेजर्द झाले होते. तेव्हा तिनं आपलं औषध दिलं आणि कावीळ उतरली. झरीपासून डहाणूपर्यंत कितीजणांची कावीळ तिनं उतरवली होती, तिथे पोटच्या पोराची काय कथा!

पण खोकला हटेना. अंगावर नुसती हाडं राहिली. परवा गावची आशा सेविका योगिता मायलेकांना तलासरीच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "गोळ्या चुकवल्यास का?" सुदामनं आईकडे बघितलं आणि "रोज घेतल्या," म्हणाला. बायजीलाही ते खरंच वाटलं. परतताना योगितानं मान वर केली नाही. रोगानं दोन्ही बाजू खाल्ल्यात, डॉक्टरांना आता आशा वाटत नाही, एवढंच तिनं सांगितलं.

बायजीला आता एवढंच जमत होतं. पहाटे कुणाशी न बोलता झाड उपटून आणायचं, वाटायचं, ताकातून द्यायचं. तिच्याकडचं पथ्य कडक होतं. तेल नाही, मीठ नाही, दुसरं औषध नाही. पथ्य सोडवायचं तेही तिनंच, रोग्याच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवून. सुदामच्या हातावर तिनं तो अजून ठेवला नव्हता. कावीळ उलटेल अशी भीतीच वाटायची तिला.

तेवढ्यात अंगणात हिरी आली. घोलवडच्या वाडीत चिकू तोडायला जाणारी बाई, चांगली गुटगुटीत झालेली. तिलाही सुदामसारखाच टीबी, तशीच गोळ्यांनी कावीळ. तिनं चिकूंची पिशवी खाली ठेवली.

"काकी, माझा कोर्स संपला. बरी झाली मी."

"मग! माझा औषध कधी वाया गेलाय?"

हिरी पदराशी चाळा करत राहिली.

"एक सांगू? रागावशील. तुझा औषध मी घेतला, पण पथ्य नाय पाळला. डाक्टरनी थोडे दिवस गोळ्या बंद ठेवल्या, रक्त तपासला, मग एकेक करून परत चालू केल्या. त्या मी घेत होती. तुला बोलली नाय, तू ओरडली असती."

"लबाड कुठली," बायजी हसली. "सगळेच तसे. समोर मान हलवता आणि घरी जाऊन करायचा तेच करता."

बोलता बोलता तिचं हसू मावळलं. हिरीला चहाही न विचारता ती आत गेली आणि सुदामची पत्र्याची पेटी उघडली. कपड्यांखाली गोळ्यांची पाकिटं होती, योगिता दर महिन्याला आणून द्यायची ती. एकावर एक नीट रचलेली. पहिल्या पाकिटातल्या तेवढ्या पंधरा दिवसांच्या गोळ्या फोडलेल्या होत्या. बाकी एकालाही हात लागला नव्हता.

सुदाम दारात उभा होता.

"डाक्टरला खोटा का बोललास?"

"तुला बोलले असते ते."

"अरे, पण घेतल्या का नाय?"

"तूच सांगितलास ना, माझा औषध चालू आहे तोपर्यंत दुसरा नको म्हणून." त्याला धाप लागली. थोडं थांबून तो म्हणाला, "लोक पाळत नाय, तू किती चिडतेस. मी पाळला."

बायजी पेटीजवळच खाली बसली. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला फसवलं होतं आणि सगळे जगले होते. तिचा शब्द खरा मानणारा एकच निघाला, तो तिचा मुलगा. तिनं तोंडात पदर कोंबला, पण रडणं बाहेर पडायचं ते पडलंच. अंगणातून हिरी "काकी, काय झाला?" विचारत राहिली.

बऱ्याच वेळानं बायजी उठली. फळीवरच्या बरणीतून तिनं मिठाचा खडा काढला. सुदामचा हात धरला आणि तळहातावर तो ठेवला.

सुदामनं खडा जिभेवर घेतला. इतक्या महिन्यांनी मिळालेली चव घोळवत त्यानं डोळे मिटले. मग पेटीकडे बघत त्यानं विचारलं,

"आये, आता घेऊ गोळ्या?"