खालच्या फळीवरचं अर्धं नाव

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण मी कायम दुसऱ्या लाकडाच्या खाली असते. लातुरात करीमचाचांच्या सुतारकामाच्या कारखान्यात संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र आहे. त्याच्या टेबलावर मला पक्कं बसवलंय. पातं चुकून जास्त खोल गेलं, तर ते टेबलाला न लागता मला लागावं, एवढंच माझं काम. मार खाऊन खाऊन आता मला काही जाणवत नाही.

शहरात शिकवण्या वाढल्या आणि पोरांसाठी अभ्यासाची टेबलं हातानं बनवून पुरी पडेनात. मग यंत्र आलं. चाचांची मुलगी फरीदा ते शिकू लागली. पातं बदललं की त्याची उंची यंत्राला नव्यानं सांगावी लागते. पहिल्याच आठवड्यात ती ते विसरली. पातं अभ्यासाच्या टेबलाची नवी पाटी आरपार चिरून माझ्यात तीन सूत, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच घुसलं. ओशाळून ती मला बदलायला निघाली.

चाचा म्हणाले, "राहू दे, बेटा. चूक डोळ्यापुढं दिसली पायजे. इथून पुढं आधी खालच्या फळीवर, मग गिऱ्हाइकाच्या लाकडावर."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेचा सगळ्या मला आणि शहाणपण फरीदाला! पण मला त्याचा राग नव्हता.

एके दिवशी किल्लारीकडच्या एका गावातून तारामती नावाची बाई आली. भूकंपाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. फडक्यात गुंडाळून तिने एक सागवानी फळी आणली होती, पडलेल्या घराच्या दाराची.

"यावर सिंधू लिवायचं. माझी लेक. घराखाली गेली," ती म्हणाली. "एवढंच लाकूड ऱ्हायलंय. दुसरं न्हाई."

एसटीची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं. डोळे कोरडे होते. फरीदाला मात्र धास्ती वाटली. हे लाकूड बिघडलं, तर बदलून कुठून देणार?

तिने जुन्या लाकडातला खिळा शोधून उपटला. अक्षरांसाठी बारीक पातं लावलं. मग चाचांचा नियम आठवून सागवान बाजूला ठेवलं आणि नाव आधी माझ्या एका कोपऱ्यात कोरायला घेतलं. पण भीतीपोटी ती पुन्हा उंची सांगायला विसरली. पातं खोल रुतलं. तिने घाईने लाल बटण दाबलं, तोवर 'सिं' कोरून झालं होतं, वेडंवाकडं, कडा फाटलेलं.

उंची नीट करून तिने सागवानावर सबंध नाव कोरलं. ते सुरेख उतरलं. तारामतीने मान हलवली. मग सागवान उचललं आणि तिला मी दिसले.

ती माझ्यावरच्या 'सिं'वरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तीनच म्हैने शाळंत गेली. एवढंच, असंच वाकडं लिवता यायचं तिला."

फरीदाने मला टेबलावरून सोडवलं, करवत घेतली, तेवढा तुकडा कापला आणि तिच्या ओटीत ठेवला. तेव्हा कुठे ती बाई रडली.

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यात आता वीतभर भोक आहे. ते अजून कुणी बुजवलेलं नाही. तुमच्याकडेही एखादी फसलेली, अर्धवट गोष्ट असेल, तर ती फेकू नका. मला बाकी कुठेच काही जाणवत नाही, पण त्या कोपऱ्यात जाणवतं.