थॉमस नदीपर्यंत धावला

“अहो, हॅरल्डना थॉमसचं खरं काय ते सांगू नका हं,” अरुणाने मला दारातच दटावलं. “रविवारी चर्चमध्ये टॉक आहे त्यांचं. शहाऐंशी वर्षांच्या माणसाचा पाणउतारा कशाला?”

शेजारचा हॅरल्ड मूळचा इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा, चहा वर्ज्य असलेल्या मॉर्मन ख्रिस्ती पंथाचा. इंग्रज असून चहाला शिवत नाही, म्हणून अरुणा त्याच्यासाठी कोकम सरबत ठेवते. १८३७ साली या पंथाचे प्रचारक अमेरिकेतून प्रेस्टनला गेले, तेव्हा रिबल नदीत बुडवून दिला जाणारा पहिला बाप्तिस्मा आपला व्हावा म्हणून माणसं धावत सुटली होती. त्यात आपला पूर्वज थॉमस सगळ्यांच्या पुढे होता, हे हॅरल्डने आम्हाला तीस वर्षांत शंभरदा तरी ऐकवलं असेल.

या लोकांना पूर्वज शोधायचं भारी वेड. त्यांच्या चर्चमध्ये त्यासाठी वेगळी खोली आहे, तिथे मी हॅरल्डला कॉम्प्युटर लावून देतो. परवा तो डुलक्या घेत असताना मला थॉमसच्या बायकोचं, हॅनाचं पत्र सापडलं. मी इथल्या कार प्लँटमध्ये सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. सदोष माल पुढे सोडायची सवयच नाही. अरुणाने बजावलं तरी आज पत्राची प्रिंट मी त्याच्यापुढे धरलीच.

“चष्मा नाहीये. तूच वाच,” तो म्हणाला.

मी वाचलं. थॉमस सगळ्यांच्या पुढे धावला होता खरा. पण पाणी बघून टरकला आणि झाडामागे लपला. हॅनाने पुढच्याच आठवड्यात बाप्तिस्मा घेतला आणि नवऱ्यानेही तो घ्यावा म्हणून अकरा वर्षं वाट पाहिली.

हॅरल्डने मान खाली घातली. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय? पण गडी हसत होता.

“उल्हास, मी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून मार्गारेटने अठरा वर्षं वाट पाहिली! मला तर पाण्याची भीतीही नव्हती, नुसता हट्ट. अशा धावणाऱ्याच्या वंशात मी कसा निपजलो, याची आयुष्यभर लाज वाटली मला!”

चार वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं नाव त्याने पहिल्यांदाच इतकं हसत घेतलं. मला फार बरं वाटलं.

रविवारी त्याने हे सगळं टॉकमध्ये सांगितलं. लोक पोट धरून हसले, अरुणासुद्धा. मग कठडा धरत तो खाली उतरला आणि आमच्या बाकावर, कडेची एक जागा सोडून बसला. उशिरा आलेल्या एका बाईंनी तिथे बसू का म्हणून खुणेने विचारलं.

“सॉरी,” हॅरल्ड हळूच म्हणाला, “ही मार्गारेटची.”