मी, ब्रेसिअर नावाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव ब्रेसिअर. फ्रेंच भाषेत 'ब्रा' म्हणजे हात, आणि माझा जन्म त्यातूनच झाला. आधी मी सैनिकाच्या दंडावरचं चिलखत होतो, पुढे तान्ह्या बाळाचं झबलं झालो. बायकांच्या छातीला आधार देणारा कपडा हा अर्थ मला फार उशिरा चिकटला. तेव्हापासून लोक मला कुजबुजतच उच्चारू लागले.

एका कारखान्यात खोक्याखोक्यावर माझं नाव छापलेलं असे. तिथे शिवणाऱ्या एका बाईंना सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं त्यांनी हाच कपडा शिवला, पण मला कधी तोंडातून काढलं नाही. "त्या मालाला हुक लावून झाले का?" एवढंच विचारायच्या. घरी दोरीवर स्वतःचा तो कपडाही टॉवेलाखाली वाळत घालायच्या.

एका सकाळी कपडे घालताना त्यांच्या बोटांना छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. मावशींनी तिथेच पुन्हा चाचपून पाहिलं.

"आई, काय गं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. ते आतलं जरा काचतंय."

"मग सैल घे ना एखादं," म्हणून लेक कामाला गेली.

मी त्यांच्या जिभेच्या टोकावर होतो. मला ओरडायचं होतं, पण शब्दाला आपणहून बाहेर पडता येत नाही.

आठवड्याने त्या दवाखान्यात गेल्या. दार सताड उघडं, बाहेर पुरुषांची रांग. "काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाठ दुखते." मलमाची ट्यूब घेऊन त्या परतल्या.

सात महिन्यांनी हात वर होईना, तेव्हा लेकीने कपडे घालायला मदत केली आणि तिला गाठ दिसली.

"कधीपासून आहे ही?"

"सांगणार होते गं. कसं सांगू, तेच सुचेना."

शस्त्रक्रिया झाली, पण आजार पसरला होता. वर्षभरात मावशी गेल्या. मी सगळं पाहत राहिलो.

मित्रांनो, घरात कुणी बोलता बोलता अडखळलं, तर कामं बाजूला ठेवून जरा थांबा. दार लावून घ्या आणि माझं नाव आधी तुम्हीच घ्या. मला स्वतःला तोंड नाही.