ग्लेनिससाठी लाल रेघ

पोर्ट पिरी गावातल्या आमच्या शेडमध्ये, म्हणजे हौसेने ठोकाठोकी करायच्या कारखान्यात, सगळे निवृत्त म्हातारे. कुणी खुर्च्या दुरुस्त करतं, कुणी पक्ष्यांची घरटी ठोकतं. मी, डेस, जन्मभर टीव्ही उघडले, म्हणून वायर दिसली की ती वस्तू माझ्या टेबलावर येऊन पडते. वीट आलाय खरं तर. पण नेव्हिलला नाही म्हणवलं नाही.

नेव्हिल आमचा सुतार. त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, कंपवात आहे. चालता चालता दारात आली की तिचे पाय जमिनीला चिकटतात. हलता हलत नाहीत. पण समोर एखादी रेघ दिसली की ती ओलांडायला पाय आपसूक उचलतो. का, ते डॉक्टरला विचारा. तशी लाल रेघ पाडणारी काठी विकत मिळते. नेव्हिलने मागवलीही होती, ती कुठे अडकली देव जाणे. आणि गुरुवारी सरकारी बाई घरी येणार होती, ग्लेनिसला घरात ठेवता येईल का ते ठरवायला. नाही म्हणाली, की वृद्धाश्रम.

"मी उचलतो रे तिला," नेव्हिल म्हणाला, "पण पाठ गेलीय माझी. आणि झोप म्हणजे काय ते विसरलो बघ."

त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

कचरा डेपोच्या दुकानात मला गवंड्यांचं एक लेझर सापडलं, भिंतीवर सरळ रेघ पाडणारं. आतलं सर्किट जळालेलं, पण लेझरचा डायोड, म्हणजे उजेड पाडणारा तुकडा, धड होता. आता हा डायोड म्हणजे खादाड पोर. वाढाल तेवढा करंट खातो आणि मरतो. म्हणून त्याच्या पानात मोजून वाढणारं सर्किट लागतं. तीन पायांचा एक रेग्युलेटर, एक रेझिस्टर, आणि करंटला धक्के बसू नयेत म्हणून एक कपॅसिटर. बस्स, एवढंच. बुधवारी सकाळी ते जुळवलं, लेझरच्या जागी साधे डायोड लावून करंट मोजला, ते साधे डायोड काढले आणि लेझर जोडायला घेणार तेवढ्यात स्मोकोची घंटा झाली.

आमच्याकडे स्मोकोची घंटा झाली की हातातलं काम टाकून चहाला जायचं. बटण तसंच चालू ठेवून मी उठलो.

"हात लावू नकोस हं नेव्ह. आलोच."

"जा रे म्हाताऱ्या. तुझी बिस्किटं संपवतील ते."

परत आलो तर नेव्हिल माझ्या स्टुलावर, हातात सोल्डरिंगची सळई. लेझर जोडलेला.

"वेळ वाचवला तुझा," तो म्हणाला. "आधी बटण बंद केलं हं. करवतीचं करतो तसंच. बंद केलं, थोडं थांबलो, मग हात लावला."

करवत बंद केली की थांबते. पण कपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी, नळ बंद केला तरी भरलेलीच. आणि पुढे काही जोडलेलं नसताना ती काठोकाठ भरते. लेझर जोडला की ते सगळं एकदम त्याच्यात घुसतं, म्हणून तारा एकमेकींना टेकवून टाकी आधी रिकामी करायची असते. हे त्याला कोण सांगणार? मी तर चहाला गेलो होतो.

बटण दाबलं. डायोडमध्ये फिकट लाल उजेड आला. जमिनीवर रेघ नाही.

"लागलाय की दिवा!" नेव्हिल म्हणाला.

"मेलाय तो, नेव्ह. आता नुसता दिवा, लेझर नाही."

नेव्हिलने ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, आणि घरी गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसरा डायोड मिळतो का म्हणून मी दिवसभर भंगार उपसलं. हाती काही लागलं नाही.

गुरुवारी दुपारी न राहवून त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. बाथरूमच्या दाराशी स्वयंपाकघरातली खुर्ची, तिच्यात नेव्हिल, तोंड उघडं टाकून घोरतोय. एक पाय उंबऱ्यावर आडवा पसरलेला.

"शू!" ग्लेनिस चौकट धरून उभी होती. "उठवू नकोस रे त्याला."

"बाई आली होती?"

"आली ना. मी इथेच अडकले. मग याने पाय आडवा टाकला आणि मी ओलांडला. बाई म्हणाली, आणि तुम्ही नसाल तेव्हा? तर हा म्हणतो कसा, 'मी कुठे मरायला जाणारे?'" ती हसली. "बाईही हसली बिचारी. म्हणाली, ठीक आहे, नाताळपर्यंत राहू दे, मग पुन्हा बघू. ती गेली आणि हा बसल्या जागी झोपला."

"बाजूला करू का त्याला? तुला आत जायचंय ना?"

"करू नकोस. पाय काढलास तर मी जाऊ कशी?"

तिने खाली त्या पायाकडे पाहिलं. थोडी थांबली. मग चौकट घट्ट धरून आपला पाय उचलला, नेव्हिलच्या पायावरून पलीकडे टाकला, मागोमाग दुसरा. तो घोरतच होता.