रुखवतातला अ‍ॅम्प्लिफायर

हिंदुरावांचा फोन आला तेव्हा मी बारामतीतल्या माझ्या दुकानात एका मिक्सरशी भांडत होतो. मी रेडिओचा मेकॅनिक, पण हल्ली रेडिओ आणतंय कोण?

"मानसिंगराव, अंथुर्ण्यावरनं बोलतोय. तुमच्या हातचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हाय आमच्याकडं. धा मिंटं ग्वाड वाजतो, मंग आवाज फाटतो. आमच्या मंडळी म्हणल्या, ज्यानं केला त्यालाच बोलवा."

मंडळी म्हणजे द्वारका. मिक्सर उघडाच टाकून मी एसटी स्टँड गाठलं.

द्वारका माझ्या उस्तादांची, रावजी मास्तरांची मुलगी. मी मास्तरांकडे काम शिकत होतो तेव्हा संध्याकाळी तीही बाकावर येऊन बसायची आणि डाव्या हातानं सोल्डर मारायची. माझ्यापेक्षा चांगलं मारायची, पण हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं. तिच्याशी लग्न करायचं माझ्या मनात होतं. मनातच होतं. तोंडानं मी आपला "पक्कड दे" एवढंच म्हणत राहिलो आणि तिकडे अंथुर्ण्याच्या ऊसवाल्या घरात तिचं ठरलं. वर मास्तर मलाच म्हणाले, "मानसिंग, रुखवतात मांडायला एक झकास अ‍ॅम्प्लिफायर कर."

केला. करंज्या-अनारशांच्या शेजारी तो ऐटीत मांडला गेला. पण त्यात मी एक पाप करून ठेवलं होतं. शेवटच्या व्हॉल्व्हखालच्या रेझिस्टन्सची तार नुसती पिळली आणि जोड पक्का दिसावा म्हणून वर राळेचा थेंब सोडला. सोल्डर मारलंच नाही. महिनाभरात तो जोड सुटणार, गाणं बंद पडणार आणि मला बोलावणं येणार, असा माझा बेत. एकदा तिला डोळे भरून बघायचं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं. तेवढी अक्कल असती तर आधीच तोंड उघडलं नसतं का?

महिना गेला, वर्ष गेलं, बोलावणं काही आलं नाही. यथावकाश माझंही लग्न झालं, संसार चांगला झाला, चार वर्षांपूर्वी बायको गेली. तरी दुकानातला फोन वाजला की पहिल्या घंटीला मला अंथुर्णेच आठवायचं. बारामतीहून तिथं जायला एसटीनं तासभर लागतो. मला एकोणचाळीस वर्षं लागली.

हिंदुराव फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. इतका उमदा माणूस की त्यांचा राग धरता येईना, आणि त्याचाच मला राग आला. घरी द्वारका तांब्या-पेला घेऊन पुढं आली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. चालणं मात्र तेच.

"एसटीत बसायला जागा मिळाली का?" तिनं विचारलं. एकोणचाळीस वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य हे.

मी अ‍ॅम्प्लिफायर उलटा केला आणि खालचा पत्रा काढला. खरं तर आधी मीटर लावून मापं घ्यायची आणि मग दोष ठरवायचा, हा मास्तरांचा नियम. पण चोराच्या मनात चांदणं. दोष कुठं आहे हे मला ठाऊकच होतं, म्हणून मी सरळ त्या जोडावर बॅटरी मारली.

तिथं सोल्डर होतं. जुनं, पण भरीव. आणि तारेचा वेढा उलटा होता, डाव्या हातानं घातलेला.

"थ्री फेज आलीया, मी मोटर चालू करून येतो," असं म्हणून हिंदुराव शेताकडे गेले.

"हे कधी मारलंस?" मी विचारलं. तिला 'तुम्ही' म्हणायचं एसटीत पाठ केलं होतं, ते विसरलो.

"लग्नाला ईस दिवस झालं व्हतं. गाणं मधीच तुटाय लागलं. उघडून बघितलं तर सोल्डरच न्हाय." ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "तुमच्या हातनं सोल्डर राहतंय व्हय? तवाच समजलं समदं."

मला मान वर करवेना. मी करंट चालू केला, एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हातानं मीटरची तार व्हॉल्व्हच्या ग्रीडला, म्हणजे आवाज आत शिरतो त्या टोकाला लावली. तीनशे व्होल्टच्या पेटीत कधी दोन हात घालायचे नाहीत, हीसुद्धा मास्तरांचीच शिकवण. ग्रीडवर शून्य दिसायला हवं, आणि शून्यच दिसत होतं. आता पेटी गरम झाल्यावर तो आकडा चढतो का, एवढंच बघत बसायचं.

"मग मला का नाही बोलावलंस?"

"दोन झालं," मीटर बघत ती म्हणाली. मग आकड्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमी आला असता तर मी तुमच्यासंगं म्हागारी आले असते. ह्यांचा काय गुन्हा व्हता? म्हणून मीच मारलं सोल्डर. रडत मारलं."

आकडा चढत राहिला. पाच झाला, आठ झाला. तिचा खांदा माझ्या खांद्यापासून वीतभर लांब होता. आयुष्यभर हेच हवं होतं मला. एक बाक, एक मीटर आणि आकडा वाचणारी ही.

"चौदा," ती म्हणाली. "कंडेन्सर गळतंय."

बरोबर होतं. आवाज फाटायची ती दहा मिनिटं संपली होती आणि गरम कंडेन्सरमधून करंट पलीकडे झिरपत होता.

"एवढं कळतंय तुला, तर आज तरी मला कशाला बोलावलंस?"

ती हसली. अगदी मोकळं हसली. "आता बोलवायचं भ्या वाटत न्हाय."

मीही हसायला हवं होतं. पण मला अजून भीती वाटत होती, पहिल्याइतकीच. हे तिला सांगायला हवं होतं, आणि या खेपेलाही मी "पक्कड दे" एवढंच म्हणालो.

पेटी बंद करून, साठलेला करंट काढून मी नवा कंडेन्सर बसवला. एक तार सोल्डर मारून पक्की केली. दुसरी पिळली आणि सोल्डरगन हातात धरून तसाच बसलो. राळेचा एक थेंब पुरला असता. द्वारका चष्म्यातून माझ्याकडेच बघत होती. तिनं सोल्डरची तार उलगडली आणि माझ्यापुढं धरली.

मी सोल्डर मारलं, चांगलं भरपूर.

हिंदुराव चिखलाचे पाय धुऊन आले तेव्हा गाणं लागलं होतं. चहा झाला तरी आवाज फाटला नाही. ते खूश झाले. "आन पुन्ना बिघडला तर याल न्हवं?"

"आता नाही बिघडणार," मी म्हणालो.

इतकं चोख काम करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.